कम्युनिटी कॉलेजातलं पहिलं कॅल्क्युलस: आधी बीजगणित, मग कॅलेंडर, मग डेरिव्हेटिव्ह

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) कॅल्क्युलस वन, म्हणजे कॅल्क्युलसचा पहिला कोर्स, घेणारी मराठी मंडळी साधारण तीन प्रकारची असतात. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं क्रेडिट मिळवणारी मुलं, दोन वर्षं इथे काढून मग युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होणारी मुलं, आणि जोडीदाराच्या नोकरीमुळे इथे येऊन दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा वही उघडलेली माणसं, ज्यांनी बारावीला डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) आणि इंटिग्रेशन (त्याची उलट क्रिया) दोन्ही केलेलं असतं. तिघांच्या अडचणी वेगळ्या, पण कोर्स हातून निसटतो तो बहुतेक वेळा दोनच जागी: बीजगणितात आणि तारखांत. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय हे कळलंच नाही म्हणून अडकणारे त्या मानाने कमी. म्हणून इथे त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

उदाहरणं मुख्यतः कॅलिफोर्नियातली आहेत. दुसऱ्या राज्यात कोर्सचा नंबर बदलतो (टेक्सासात मॅथ २४१३, फ्लोरिडात मॅक २३११), पण आतला मजकूर जवळपास तोच असतो: लिमिट, सातत्य, डेरिव्हेटिव्हचे नियम, त्यांचे उपयोग आणि शेवटी इंटिग्रेशनची सुरुवात.

नाव नोंदवण्याआधी

पहिलं काम म्हणजे हा कोर्स पुढे कुठे चालणार आहे ते बघणं. कॅलिफोर्नियात असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर आपलं कॉलेज, जिथे जायचं ती युनिव्हर्सिटी आणि मेजर (मुख्य विषय) निवडलं की कोणता कोर्स कशाच्या बदली धरला जातो ते दिसतं. न्यू जर्सीत हेच काम एनजे ट्रान्सफर करतं. इथे एक चूक वारंवार होते. बहुतेक कॉलेजांत दोन कॅल्क्युलस असतात. एक सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांचं आणि दुसरं बिझनेसवाल्यांचं, म्हणजे ज्याच्या नावात ‘बिझनेस’, ‘अप्लाइड’ किंवा ‘शॉर्ट’ असं काही असतं. दुसरं सोपं दिसतं म्हणून घेतलं आणि नंतर कॉम्प्युटर सायन्सकडे वळायचं ठरलं, तर पहिलं मुळापासून पुन्हा करावं लागतं.

दुसरी गोष्ट सेमिस्टर की क्वार्टर. कुपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल क्वार्टरवर चालतात. तिथे एक सत्र सुमारे १२ आठवड्यांचं असतं आणि सेमिस्टरच्या कॅल्क्युलस वनमधला इंटिग्रेशनचा भाग पुढच्या क्वार्टरमध्ये जातो. फ्रीमाँटचं ओलोनी किंवा सॅन्टा क्लाराचं मिशन सेमिस्टरवर आहे. एकाकडे पहिला कोर्स आणि दुसऱ्याकडे दुसरा, असं मध्येच कॉलेज बदललं तर मधला तुकडा सुटतो किंवा दोनदा होतो. पूर्ण साखळी एकाच ठिकाणी करणं शहाणपणाचं.

फी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सेमिस्टरच्या कॉलेजात प्रति युनिट ४६ डॉलर (युनिट म्हणजे कोर्स किती मोठा ते मोजण्याचं माप). कोर्स ४ युनिटचा असेल तर १८४, ५ युनिटचा असेल तर २३०, वर आरोग्य-पार्किंग वगैरे किरकोळ. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झाल्याचा पुरावा आणि चालणारा व्हिसा लागतो. ते नसेल तर प्रति युनिट आणखी काही शे डॉलर पडतात. एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर असलेल्यांना शिकता येतं, त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. बी-२ वर भेटीला आलेल्यांना क्रेडिटचा कोर्स घेता येत नाही. हायस्कूलच्या मुलांना बहुतेक कॉलेजांत फी माफ असते, पण शाळेची आणि पालकांची सही असलेला फॉर्म लागतो आणि त्या सह्यांत दोन-तीन आठवडे सहज जातात. शिवाय तिथला ग्रेड कॉलेजच्या रेकॉर्डवर कायमचा राहतो. नववी-दहावीतल्या मुलाला ‘बघू जमतंय का’ म्हणून बसवण्याआधी पालकांनी याचा नीट विचार करावा.

तिसरी गोष्ट प्रीरिक्विझिट, म्हणजे आधी झालेला असायला हवा तो कोर्स. बारावीची मार्कशीट घरात आहे म्हणून सिस्टम आपोआप नाव घेत नाही. प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसआधीचं बीजगणित आणि त्रिकोणमिती) किंवा त्याच्या तोडीचं काही झाल्याचा कागद द्यावा लागतो. परदेशी मार्कशीटसाठी काही कॉलेजं मूल्यांकन केलेली प्रत मागतात, काही ठिकाणी काउन्सेलर मूळ प्रत पाहून मोकळं करतो, काही राज्यांत ॲलेक्ससारखी प्लेसमेंट टेस्ट असते. नोंदणीची तारीख उघडण्याच्या किमान महिनाभर आधी हे मार्गी लावा. तारीख उघडल्यावर सकाळी बसलात आणि लाल अक्षरांत ‘प्रीरिक्विझिट नॉट मेट’ आलं, तर ते सुटेपर्यंत चांगले वर्ग भरून जातात.

वर्ग निवडताना वेळ जुळते एवढंच पाहू नका. सिलॅबस बऱ्याचदा आधीच्या सत्राचा मिळतो. तो उघडून पाहा: परीक्षा कॉलेजात बसून आहेत की घरून? कॅल्क्युलेटर चालतो का, आणि चालत असेल तर कोणता? (टीआय-८४ अनेक ठिकाणी चालतो, टीआय-८९ सारखे स्वतः डेरिव्हेटिव्ह काढणारे सहसा नाही. काही शिक्षक काहीच चालू देत नाहीत.) होमवर्क उशिरा दिलं तर काय? सगळ्यात कमी गुणांची परीक्षा फायनलने भरून निघते का? पुस्तकाला पैसे आहेत का? वेळापत्रकात ‘झीरो टेक्स्टबुक कॉस्ट’ची खूण असेल तर ओपनस्टॅक्सचं मोफत पुस्तक आणि मायओपनमॅथसारखी मोफत साइट असण्याची शक्यता जास्त. वेबअसाइन किंवा मायलॅब या विकतच्या होमवर्क साइट असतील तर ॲक्सेस कोडचे पैसे वेगळे. तो कोड शिक्षकाने सांगितल्याशिवाय विकत घेऊ नका. जुन्या पुस्तकाबरोबर आलेला वापरलेला कोड चालत नाही, आणि कॉलेजने आधीच फीत धरला असेल तर पैसे दोनदा जातात.

कॅलिफोर्नियात आता सायन्सच्या मुलांना प्रीकॅल्क्युलसच्या दोन-तीन पायऱ्या न चढवता थेट कॅल्क्युलसमध्ये घेण्याकडे कल आहे. त्यासोबत एक-दोन युनिटचा ‘सपोर्ट’ वर्ग देतात. बीजगणित कच्चं आहे अशी जराही शंका असेल तर हा जोडवर्ग घ्या. तो घेण्यात कमीपणा काही नाही. मुख्य वर्गात जे सूत्र तीन मिनिटांत उडत जातं ते तिथे हाताने करून घेतात.

तासांचा हिशोब कागदावर मांडा

एका युनिटमागे आठवड्याला वर्गातला एक तास आणि घरचे दोन, हा कॉलेजांचा ठरलेला हिशोब. ४ युनिट म्हणजे आठवड्याला १२ तास, ५ युनिट म्हणजे १५. हे १६ आठवड्यांच्या सेमिस्टरसाठी. तोच ४ युनिटचा कोर्स उन्हाळ्यात ८ आठवड्यांत केला तर आठवड्याला २४ तास, ६ आठवड्यांत केला तर ३२. नोकरी किंवा लहान मूल सांभाळून पहिल्यांदाच कॅल्क्युलस करणाऱ्याने उन्हाळ्याचा वर्ग घेऊ नये. तिथे आज लिमिट, परवा चेन रूल (फंक्शनच्या आत फंक्शन असतानाचा डेरिव्हेटिव्हचा नियम) आणि पुढच्या आठवड्यात परीक्षा असते. चूक कुठे होतेय हे कळायलाच जेवढा वेळ लागतो तेवढ्यात अर्धा कोर्स संपलेला असतो.

हे १२ तास आठवड्यावर पसरा. रविवारी सलग सहा तास बसण्यापेक्षा रोज दीड तास कितीतरी कामाचा, कारण या विषयात आजचं पान कालच्या पानावर उभं असतं. आणि फॉल सेमिस्टरचं कॅलेंडर घरच्या कॅलेंडरशेजारी ठेवा. वर्ग ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात, म्हणजे गणपती आणि पहिली परीक्षा बऱ्याचदा एकाच सुमाराला येतात. दिवाळी येते तेव्हा डेरिव्हेटिव्हचे उपयोग चालू असतात, म्हणजे कोर्सचा सगळ्यात चढाचा भाग. थँक्सगिव्हिंगला इंटिग्रेशन सुरू झालेलं असतं. घरी पाहुणे किंवा मंडळाचा कार्यक्रम असेल तर पहिल्याच आठवड्यात तारखा जुळवा आणि अडचण असेल तर शिक्षकाला तेव्हाच ईमेल करा. महिनाभर आधी विचारलेल्याला बहुतेक शिक्षक मार्ग काढून देतात, आदल्या रात्री विचारलेल्याला सहसा नाही.

वीस मिनिटांची चाचणी

कोर्स सुरू व्हायच्या तीन-चार आठवडे आधी, कॅल्क्युलेटर न घेता, घड्याळ लावून पुढची सात उदाहरणं सोडवा. चल म्हणून क्ष लिहिलं आहे आणि छोट्या वाढीसाठी ह.

१. १/क्ष + १/(क्ष+२) एकत्र करा.
२. (क्ष² − ९)/(क्ष − ३) सोपं करा आणि क्ष = ३ ला काय होतं ते सांगा.
३. ८ चा घात −२/३ किती?
४. साइन (५पाय/६) किती?
५. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष असेल तर फ(क्ष+ह) − फ(क्ष) किती?
६. एलएन (ई³ × √क्ष) उलगडा. (एलएन म्हणजे ई पायाचा लॉग.)
७. |२क्ष − ५| < ३ सोडवा.

उत्तरं: (२क्ष+२)/(क्ष(क्ष+२)); क्ष+३, पण क्ष = ३ ला मूळ राशीला किंमतच नाही; १/४; १/२; २क्षह + ह² − ३ह; ३ + ½ एलएन क्ष; १ < क्ष < ४.

सहा-सात बरोबर आले तर निश्चिंत वर्गात बसा. चार-पाच आले तर जिथे चुकलं त्या प्रकारची रोज दहा उदाहरणं, तीन आठवडे. तीन किंवा त्याहून कमी आले तर जोडवर्गासह कॅल्क्युलस घ्या किंवा आधी प्रीकॅल्क्युलस करा, आणि हे काउन्सेलरला स्पष्ट सांगा. पाचवं उदाहरण चुकणाऱ्यांनी विशेष सावध व्हावं. कंस टाकून फ(क्ष+ह) लिहिता येत नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली डेरिव्हेटिव्हची व्याख्याच अडते.

हे अडणं नेमकं कसं दिसतं ते १/क्ष वर बघू. व्याख्येने डेरिव्हेटिव्ह काढायचा म्हणजे [१/(क्ष+ह) − १/क्ष] ÷ ह याची ह शून्याकडे जातानाची लिमिट. बीजगणित कच्चं असलेला इथेच १/(क्ष+ह) चे १/क्ष + १/ह असे तुकडे करतो, आणि मग पुढचं सगळं वाया. बरोबर वाट अशी: वरच्या दोन अपूर्णांकांचा छेद समान करा, अंशात क्ष − (क्ष+ह) येईल. दुसरी घसरण इथे. कंस विसरला की क्ष − क्ष + ह होऊन +ह उरतो आणि शेवटी उत्तराचं चिन्ह उलटं येतं. कंस ठेवला तर −ह उरतो, तो खालच्या ह बरोबर जातो, राहतं −१/(क्ष(क्ष+ह)). आता कुठे ह ला शून्य करायचं: −१/क्ष². तिसरी घसरण लिखाणातली. ‘लिमिट’ हा शब्द प्रत्येक ओळीत, ह शून्य करेपर्यंत, लिहायचा असतो. मधल्या ओळींत तो गाळला तर अनेक शिक्षक एक-दोन गुण कापतात, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या शब्दाशिवाय ओळी एकमेकींच्या बरोबर राहत नाहीत.

बारावीला हे सगळं झालंय, त्यांच्यासाठी

महाराष्ट्र बोर्डात अकरावीला लिमिट आणि डेरिव्हेटिव्हची ओळख, बारावीला डेरिव्हेटिव्हचे उपयोग आणि इंटिग्रेशन होतं. त्यामुळे सूत्रं आठवतात, हात पटापट चालतो आणि पहिला महिना सोपा जातो. खरी परीक्षा वेगळ्या जागी असते.

एक, चिन्हं. आपल्याकडे ‘लॉग क्ष’ म्हणजे कॅल्क्युलसमध्ये ई पायाचा लॉग असं गृहीत धरलेलं असतं. इथे त्याला एलएन म्हणतात आणि नुसता लॉग १० पायाचा असतो. सवयीने लॉग लिहिलंत तर उत्तर चूक धरलं जातं, होमवर्कच्या साइटवर तर हमखास. कोसेकला इथे सीएससी लिहितात. ‘फर्स्ट प्रिन्सिपल’ इथे ‘लिमिट डेफिनिशन’ या नावाने येतं. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूची उदाहरणं फुटांत असतात, तेव्हा ९.८ नाही, ३२ फूट प्रति सेकंद वर्ग घ्यायचे.

दोन, आलेख. सूत्र न देता नुसती वेडीवाकडी रेघ काढून देतात आणि तिच्या डेरिव्हेटिव्हचा आलेख काढायला सांगतात, किंवा डेरिव्हेटिव्हचा आलेख देऊन मूळ फंक्शन कुठे वाढतंय ते विचारतात. सूत्रांवर वाढलेल्यांना हे सुरुवातीला अवघड जातं. उपाय सोपा आहे. रेघेवर पट्टी स्पर्शिकेसारखी ठेवा, डावीकडून उजवीकडे सरकवत न्या, आणि प्रत्येक ठिकाणी पट्टीचा उतार धन, शून्य की ऋण एवढंच खाली लिहा. आठवडाभर रोज दोन आलेख असे केले की नजर तयार होते.

तीन, वाक्यात अर्थ. समजा चहाचं तापमान मिनिटांवर अवलंबून आहे आणि पाचव्या मिनिटाला डेरिव्हेटिव्ह −१.८ आहे, तर याचा अर्थ सांगा. ‘५ मिनिटांत चहा १.८ अंशांनी निवला’ हे चूक. ‘ओतल्यानंतर ५ मिनिटांनी, त्या क्षणी, चहाचं तापमान मिनिटाला १.८ अंश या वेगाने उतरत आहे’ हे बरोबर. क्षण, काय बदलतंय, वाढतंय की घटतंय, एकक: या चारही गोष्टी इंग्रजीत एका वाक्यात लिहिण्याचा सराव करा. ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं त्यांनी अशी पंधरा-वीस वाक्यं वहीत लिहून ट्युटरला दाखवावीत. परीक्षेत घड्याळ चालू असताना शब्द सुचत नाहीत.

आठवडा कसा चालवायचा

वर्गाच्या आदल्या दिवशी त्या भागाची फक्त सोडवलेली उदाहरणं वाचा, वीस मिनिटं. वर्गात फळा जसाच्या तसा उतरवण्यापेक्षा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर का गेले ते समासात लिहा. त्याच दिवशी संध्याकाळी, वही बंद ठेवून, वर्गातलं एक उदाहरण कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. जिथे हात थांबतो ती जागा खुणेने दाखवा. दुसऱ्या दिवशी ऑफिस अवरला नेमकी तीच ओळ घेऊन जा. ‘मला चेन रूल कळला नाही’ असं म्हटलं की शिक्षक पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगतात. ‘या ओळीतला २क्ष कुठून आला?’ असं विचारलं की दोन मिनिटांत गाठ सुटते. ऑफिस अवर आणि ट्युटरिंग सेंटरचे पैसे लागत नाहीत. आपल्याकडे शिक्षकाच्या खोलीत विनाकारण जाणं उद्धटपणाचं वाटतं, तो संकोच इथे सोडा. ते तास तुमच्यासाठीच राखलेले असतात.

ऑनलाइन होमवर्कचा एक मोठा धोका आहे. साइट एका उदाहरणाला पाच-सहा प्रयत्न देते, शेजारी ‘असंच एक सोडवलेलं दाखवा’ असं बटण असतं. त्यावरून आकडे बदलत उत्तर मिळतं आणि ९५ टक्के दिसतात. परीक्षेत ते बटण नसतं. म्हणून प्रत्येक उदाहरण आधी वहीत पूर्ण सोडवा, मग उत्तर टाका. पहिल्या प्रयत्नात चुकलेली उदाहरणं एका वेगळ्या पानावर तारखेसह उतरवा आणि चार दिवसांनी ती परत सोडवा. फोटो काढला की उत्तर देणारी ॲप्स होमवर्कला वापरणं बऱ्याच वर्गांत कॉपी धरलं जातं. आणि तशी न धरणाऱ्या वर्गातही नुकसान विद्यार्थ्याचंच, कारण या विषयात शिकणं म्हणजे अडकून बसलेली ती दहा मिनिटंच.

कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना, हे दर वेळी पाहा. डिग्रीवर असेल तर साइन(०.०१) ÷ ०.०१ चं उत्तर १ च्या जवळ येण्याऐवजी ०.०१७४५ येतं. असा आकडा कुठे दिसला तर गणित तपासत बसू नका, मोड तपासा.

रिलेटेड रेट्स: सगळ्यात जास्त लोक इथे अडतात

एकमेकांशी जोडलेल्या राशींचे बदलाचे दर काढण्याचा हा धडा सेमिस्टरच्या मध्यावर येतो. एक उदाहरण नीट पाहा. टोक खाली असलेली शंकूच्या आकाराची टाकी, उंची ६ मीटर, वरच्या तोंडाची त्रिज्या ३ मीटर. पाणी मिनिटाला २ घनमीटर या दराने पडतंय. पाण्याची खोली ४ मीटर असताना पातळी किती वेगाने चढते?

आधी चित्र काढा आणि जे बदलतंय त्याला अक्षर द्या, जे बदलत नाही त्यालाच आकडा द्या. ६ आणि ३ टाकीचे, ते बदलत नाहीत. पाण्याची खोली आणि पाण्याच्या पृष्ठभागाची त्रिज्या दोन्ही बदलतात. ४ हा आकडा अजून चित्रात घालायचा नाही. मग सूत्र: घनफळ = (पाय/३) × त्रिज्या² × खोली. यात बदलणाऱ्या दोन राशी आहेत, म्हणून समरूप त्रिकोणांवरून त्रिज्या = खोली/२, आणि घनफळ = (पाय/१२) × खोली³. आता वेळेच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह: घनफळाचा दर = (पाय/४) × खोली² × खोलीचा दर. शेवटी आकडे: २ = (पाय/४) × १६ × खोलीचा दर, म्हणजे दर १/(२पाय), सुमारे ०.१६ मीटर, मिनिटाला १६ सेंटिमीटर.

चुका दोन. पहिली: ४ सुरुवातीलाच घातला की घनफळ स्थिर आकडा होतो, त्याचा डेरिव्हेटिव्ह शून्य, आणि विद्यार्थी गोंधळून पान फाडतो. दुसरी जास्त फसवी: त्रिज्या ३ च धरली तर घनफळ ३ × पाय × खोली होतं आणि उत्तर २/(३पाय), म्हणजे सुमारे ०.२१ येतं. ते दिसायला अगदी पटण्यासारखं असतं, कुठेच अडत नाही, म्हणून चूक सापडत नाही. ताळा असा: शंकू वर रुंद होत जातो, त्यामुळे पातळी चढण्याचा वेग खोलीप्रमाणे मंदावायला हवा. तुमच्या सूत्रात दर खोलीवर अवलंबूनच नसेल तर कुठेतरी बदलती राशी गोठवली आहे.

कमाल-किमानच्या उदाहरणांत टोकाचे बिंदू तपासायचे राहतात. प्रश्नात बंद अंतराल दिला असेल तर दोन्ही टोकांच्या किमतीही काढा. मर्यादा नसलेल्या इंटिग्रेशनमध्ये शेवटी जोडायचा स्थिरांक सी विसरू नका, आणि सबस्टिट्यूशन केलं की मर्यादा बदला. क्ष(क्ष²+१)³ चं ० ते २ इंटिग्रेशन घ्या. क्ष²+१ ला नवं अक्षर दिलं की मर्यादा १ ते ५ होतात आणि उत्तर ७८ येतं. मर्यादा ० ते २ च ठेवल्या तर २ येतं.

परीक्षा आणि गुणांचं गणित

सराव म्हणजे सोडवलेली उत्तरं वाचणं नव्हे. परीक्षेच्या तीन दिवस आधी वेगवेगळ्या धड्यांतली दहा उदाहरणं मिसळून, धड्याचं नाव न पाहता, परीक्षेइतकाच वेळ लावून सोडवा. होमवर्कमध्ये प्रत्येक धडा वेगळा असतो, त्यामुळे कोणता नियम लावायचा हे आधीच माहीत असतं. परीक्षेत आधी तेच ओळखायचं असतं.

सिलॅबसमधले टक्के घेऊन हिशोब स्वतः करा. समजा होमवर्क १५, क्विझ १५, तीन परीक्षा मिळून ४५, फायनल २५ टक्के. होमवर्कला ९५, क्विझना ८०, परीक्षांची सरासरी ६२ असेल तर फायनलआधी हाती १४.२५ + १२ + २७.९ = ५४.१५. सी ग्रेडसाठी ७० हवे, म्हणजे फायनलला ६३.४ टक्के. बी साठी ८० हवे, म्हणजे फायनलला १०० पेक्षा जास्त, तो मार्ग बंद झालेला आहे. होमवर्कचे ९५ डोळ्यांना सुखावतात, पण निकाल परीक्षांच्या त्या ६२ ने ठरवलेला असतो. हा हिशोब पहिल्या परीक्षेनंतर लगेच करा, तेव्हा तो बदलता येतो.

तीन तारखा पहिल्या दिवशी फोनमध्ये टाका: फी परत मिळण्याची शेवटची, रेकॉर्डवर काही न उमटता कोर्स सोडण्याची, आणि ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) घेऊन सोडण्याची. पहिल्या दोन सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत संपतात, शेवटची बरीच उशिरा असते. वर्गाला जाणं बंद केलं म्हणजे नाव आपोआप निघत नाही. ते तुम्हाला पोर्टलवर जाऊन काढावं लागतं, नाहीतर रेकॉर्डवर एफ बसतो. पहिल्या दिवशी गैरहजर राहिलात तर मात्र शिक्षक नाव काढून वेटलिस्टवरच्याला जागा देऊ शकतात. फायनान्शिअल एड घेत असाल तर सोडण्याआधी त्या ऑफिसला विचारा, पैसे परत करावे लागण्याची वेळ येऊ शकते.

दुसऱ्या परीक्षेनंतर सी चं गणित जुळत नसेल आणि अडचण बीजगणिताची असेल तर डब्ल्यू घेऊन मधले महिने प्रीकॅल्क्युलसला देणं हा योग्य निर्णय आहे. अडचण वेळेची असेल तर पुढच्या सत्रात कमी विषय घेऊन परत बसा. सी किंवा अधिक मिळाला की कॅल्क्युलस टू लगेच पुढच्या सत्रात घ्या. ते सबस्टिट्यूशनपासूनच सुरू होतं, आणि सहा महिन्यांची सुट्टी पडली तर पहिला आठवडा चेन रूल पुन्हा आठवण्यातच जातो.